माझा रंधा आणि हज्जियाची माडी

बहारीनच्या मुहर्रकमध्ये माझ्यासारखा रंधा मारणारा सुतार दुसरा नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. त्याच रंध्यानं मी एका म्हातारीचं घर पाडलं, बुलडोझर तर मागून आला.

शाळेचं म्हणाल तर शाळेत मी गेलोय, पण बाकांना खिळे मारायला. बाकावर बसायची वेळ आली नाही. श्रीवर्धनकडचा मी. बाप सुतार, आजा सुतार, आणि मी तिसरा, जरा नासका. सही करायला शिकलो ती व्हिसाच्या वेळेला. अजून ती दर वेळी वेगळी येते. बँकेतली पोरगी विचारते, "अंकल, हे तुम्हीच ना?" मी म्हणतो, "बाई, मलाही शंकाच आहे."

हूरा नावाच्या वस्तीत राहतो. खोलीत माझ्याबरोबर रत्नागिरीचा एक जण असतो, एका गोडाऊनला स्टोअरकीपर आहे. वयानं मोठा, मी त्याला भाईजान म्हणतो. तो मला सुतारशेट म्हणतो. त्यातलं शेट हे टोमण्याचं, पण मी ते खरं धरून चालतो.

काम मुहर्रकच्या एका वर्कशॉपमध्ये. आता इथं सुतारकाम म्हणजे काय, तर भुशाच्या दाबलेल्या पाट्या मशीनवर कापायच्या, त्यांना वरून लाकडाचा फोटो चिकटवायचा आणि किचनची कपाटं करून द्यायची. बापानं दिलेला रंधा आणि पटाशी माझ्या पेटीत फडक्यात गुंडाळून पडलेले. इथल्या अठरा वर्षांत खरं सागवान हाताला लागलं ते फार तर चारपाच वेळा. हे आधी सांगून ठेवतो. माफी मागण्यासाठी नाही, भूक किती होती ते कळावं म्हणून.

तर एक दिवस मुदीर, म्हणजे आमचा मॅनेजर, म्हणाला, बाजाराच्या मागच्या गल्लीत एका म्हातारीकडं जा, माडीच्या जाळीच्या तीन पट्ट्या सुटल्यात आणि एका दाराची बिजागरी गेलीय. एका दिवसाचं काम.

गेलो. खालचा मजला त्यांच्या पद्धतीचा, समुद्रातल्या दगडाचा, चुन्यानं लिंपलेला. पण वर मान केली आणि मी तिथंच उभा राहिलो. वर सगळी माडी लाकडाची. सागवानी खांब, चौकाच्या चारी बाजूंनी फिरणारा सज्जा, कठड्याला पानाफुलांचं कोरकाम, खिडक्यांना उभ्याआडव्या पट्ट्यांची जाळी. वर हिरवा रंग, तोही पोपडे धरलेला, आणि त्याच्याखाली आणखी कुठला तरी निळा. इथं अशी माडी मी कधी बघितली नव्हती. बंगला आमच्याकडचा वाटत होता, पण हवा बहारीनची.

म्हातारी खाली खाटेवर बसलेली. दोन्ही गुडघे गेलेले. जिना चढून वर जायला तिला किती तरी वर्षं जमलेलं नव्हतं. हजला जाऊन आलेली म्हणून सगळे तिला हज्जिया म्हणत, मीपण म्हणायला लागलो. हिंदी बरं बोलायची, कारण तिच्या आजाचा मोत्यांचा व्यापार मुंबईशी. तिनं मला चहा दिला, एक इवलासा ग्लास, आणि त्या ग्लासाएवढ्यात सगळी गोष्ट सांगितली.

आजानं मुंबईला कुणाचा तरी लाकडी बंगला बघितला आणि हट्ट धरला की मला असाच पाहिजे. मग माडी तिकडंच कुठं तरी किनाऱ्यावर कापून घेतली आणि गलबतातून आणली. त्याला शंभर वर्षं होऊन गेली. हज्जियाचा जन्म वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतला. नवरा गेला, मूलबाळ नाही. आता घरात पुतण्यांचे हिस्से, आणि पुतण्यांना जागा मोकळी करून विकायची होती. वाचायचा एकच रस्ता. सरकारी हापिसातनं बाई येणार होती बघायला, ईदनंतर. तिनं हे घर जुनं, जपण्यासारखं म्हणून कागदावर चढवलं, तर कुणाचा बाप ते पाडू शकत नव्हता. नाही चढवलं, तर खलास.

"मैं इधर पैदा हुई," हज्जिया म्हणाली, "इधर से ही जाऊंगी. इंशाल्ला."

मग तिनं तीन बोटं वर केली. "तीन पट्टी. एक बिजागरी. बस. और कहीं हाथ नहीं लगाना."

"हो हज्जिया," मी म्हणालो. तोंडानं.

पट्ट्या बसवायच्या तर जाळीची चौकट उतरवावी लागते. उतरवली, उलटी केली, आणि मागच्या बाजूला, प्रत्येक सांध्याजवळ, पटाशीचे घाव दिसले. एक घाव. दोन घाव. तीन घाव. अर्धा चंद्र. कोंबड्याचा पाय.

मला अक्षर वाचता येत नाही, पण हे येत होतं. माझा बाप हेच करायचा. घर एका जागी कापायचं आणि दुसऱ्या जागी उभं करायचं असलं की प्रत्येक सांध्याला खूण करतात, म्हणजे कोण कुणात बसतं ते कळतं. एक घाव म्हणजे पहिली चौकट. अर्धा चंद्र म्हणजे वरची बाजू. कोंबड्याचा पाय म्हणजे कोपरा. मी ती चौकट हातात घेऊन वाचली, तुम्ही पेपर वाचता तशी. डावीकडून तिसरी, कोपऱ्याची, हे तोंड वर. आणि खरंच ती तिथलीच होती.

अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, आला. आणि त्याच्या पाठोपाठ बापाचा हात आठवला.

बापाचा नियम होता, घर उभं राहिलं की खुणा रंध्यानं साफ करायच्या. खूण दिसली म्हणजे सुतार कच्चा. गिऱ्हाइकाला वाटतं, या माणसाच्या डोक्यात घर नव्हतं, लाकडावर लिहून ठेवावं लागलं. लहानपणी एका देवघराच्या मागं मी दोन घाव तसेच ठेवले, तर बापानं त्याच लाकडाच्या तुकड्यानं मला दोन घाव दिले. ते अजून पाठीवर आहेत, कुणी रंधा मारला नाही.

तर मला वाटलं, कुणा बिचाऱ्या सुताराचं काम अर्धं राहिलंय. गलबत आलं असेल, घाई असेल, मुकादम ओरडला असेल. शंभर वर्षं त्याची लाज इथं उघडी पडलीय. आपण त्याच्याच बाजूचे. आपण झाकू.

आणखी एक. हापिसातली बाई बघायला येणार हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात दुसरं काय येणार? आमच्याकडं मुलगी बघायला पाहुणे येणार म्हटलं की भिंतींना रंग काढतात, मोडक्या खुर्चीवर चादर टाकतात, मुलीच्या तोंडाला पावडर लावतात. पोपडे आलेलं घर पाहुण्यांना दाखवतात का? मी ठरवलं, हज्जियाच्या घराला असं नटवायचं की बाईनं बघितल्या बघितल्या नारळ फोडावा.

तीन पट्ट्या एका दिवसात झाल्या. त्यानंतर मी वर्कशॉप सुटल्यावर जायला लागलो, शुक्रवारी तर सकाळपासून. फुकट. एक एक चौकट उतरवायची, हिरवा रंग खरवडायचा, मग निळा, मग रंधा, मग काचपेपर, मग पॉलिश. खालून हज्जिया ओरडायची, "ऊपर क्या करता है?" मी वरून, "कुछ नहीं हज्जिया, सफाई!" ती म्हणायची, "अल्ला तेरे को अच्छा रखे." आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर माझ्यासाठी चहा ठेवलेला असायचा.

रंध्याखालून सागवानाच्या लांब लांब ढलप्या निघायच्या, गुंडाळलेल्या, वास असा की मी डोळे मिटून घ्यायचो. त्या ढलप्यांवर कधी कधी अर्धा घाव दिसायचा. मी त्या गोणीत भरून गल्लीच्या तोंडावरच्या रोटीवाल्याला दिल्या. त्याच्या भट्टीत गेल्या.

एकदा तिचा पुतण्या आला. अंगात पांढरा स्वच्छ तोब, तो अरबी पायघोळ झगा, हातात गाडीची किल्ली. वर चढून आला, सगळं बघितलं, चौकटीवर हात फिरवला. मी थांबलो, म्हटलं आता ओरडतो. तो म्हणाला, "जबरदस्त! यल्ला, सब करो, पूरा." आणि मला थंड पाण्याची बाटली आणून दिली.

आज वाटतं, मी काय करून बसतोय ते त्याला कळलं होतं. त्याच्यावर ढकलता आलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यानं फक्त पाणी दिलं. रंध्यावर हात माझाच होता.

नुसत्या रंध्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. सांधे ढिले वाटले म्हणून मी ते उघडले, खाचेत बसणाऱ्या आतल्या जिभा घासून साफ केल्या आणि परत बसवताना आत चांगला गोंद भरला, जो एकदा सुकला की दगड. आडून स्क्रूपण मारले. खोलीवर येऊन भाईजानला सांगितलं, "हत्तीनं ओढलं तरी सांधा सुटायचा नाही."

भाईजान म्हणाला, "बहारीनमध्ये हत्ती कुठाय?"

ईद झाली. बाई यायचा दिवस ठरला. हज्जियानं मला मुद्दाम बोलावलं, म्हणाली, लाकडाचं काही विचारलं तर तू सांग. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. बाई तरुण होती, इथलीच, काळा अबाया, गळ्यात कॅमेरा, हातात टॉर्च. हिंदी सिनेमा बघून शिकलेलं हिंदी बोलत होती, माझ्यापेक्षा बरं. पुतण्या कोपऱ्यात मोबाईल बघत उभा.

बाई जिना चढली. शेवटच्या पायरीवर थांबली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो, नारळ आता फुटेल म्हणून.

"ये काम कब का है?" तिनं विचारलं.

"आत्ताच केलं, मॅडम," मी म्हणालो. "सगळं माझ्या हातचं. जरा हात फिरवून बघा, लोण्यासारखं लागेल."

तिनं हात फिरवला. बराच वेळ. "आणि पहिलं कुठंय?"

"पहिलं हेच. आतलं."

"रंग?"

"काढला, मॅडम. फार घाण होता. दोन दोन रंग होते एकावर एक."

तिनं टॉर्च लावून चौकटीच्या मागं बघितलं, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. माझी छाती फुगलेलीच. तेवढ्यात खालून हज्जियाचा आवाज आला. तिच्या भाषेत काही तरी मोठ्यानं सांगत होती. बाईनं मला हिंदीत सांगितलं.

"ती म्हणते, तुम्ही मला त्या खुणा दाखवा. तिच्या आजानं तिला त्या खुणांवर बोट ठेवून मोजायला शिकवलं. एक, दोन, तीन. कोपऱ्यात कोंबड्याचा पाय आहे म्हणते, तिचं बोट त्यात बरोब्बर बसायचं. त्या खुणांवरनं कळेल म्हणते, की पूर्ण माडी समुद्रातून तुकड्यातुकड्यांनी आली."

छाती कधी उतरली कळलं नाही.

"कुठं आहेत त्या?" बाईनं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बापापासून रोटीवाल्यापर्यंत. म्हटलं, मॅडम, होत्या, माझ्या डोळ्यानं बघितल्यात, मला वाचता येतात, मी काढून दाखवतो. खिशातली पेन्सिल काढून तिथल्या फळकुटावर मी सगळ्या खुणा काढल्या. घाव, चंद्र, पाय. घाईत कोंबडा लंगडा झाला.

बाई शांतपणे म्हणाली, "चाचा, तुम्ही जे सांगता ते मला खरं वाटतंय. पण मी रिपोर्टमध्ये जे दिसतं ते लिहिते. मला नवीन पॉलिश दिसतंय." मग तिनं विचारलं, "सांध्याच्या आत तरी काही राहिलं असेल?"

मला वाटलं, सुटलो. आत असेलच एखादी. मी हातोडी घेतली, पटाशी घेतली, स्क्रू काढले आणि खांबाच्या एका सांध्याला लागलो. ठोकलं. हललं नाही. जोरात ठोकलं. माझाच गोंद. हत्ती असता तरी निघाला नसता. तिसऱ्या घावाला सांधा सुटला नाही, पण खांबाचं लाकूड उभं चिरलं, वरपासून खालपर्यंत, आवाज झाला फटाक्यासारखा. चिरेतून आतली जीभ दिसली. गुळगुळीत. काचपेपर मारलेली. एकदम छान काम.

पुतण्यानं मोबाईलमधून मान वर केली, एवढंच.

बाईनं फोटो काढले. जाताना मला समजावत होती, रागावली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, घर सुंदर आहे की नाही हे बघायला आम्ही येत नाही. सुंदर घरं रोज बांधता येतात. कुणी कापलं, कुठून आलं, कोण त्यात वावरलं, हे घराच्या अंगावर लिहिलेलं असतं, आम्ही ते वाचतो. इथं जे होतं ते दुसरीकडं कुठं नव्हतं. रंगाचे थरपण वाचता येतात, म्हणाली.

म्हणजे मी नुसती पावडर लावली नव्हती. मुलीचं तोंडच पुसून टाकलं होतं.

खाली आलो. हज्जियानं बाईकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिला कुणी काही सांगितलं नाही, पण वरचा आवाज तिनं ऐकला होता. चहा ठेवलेला होता जिन्याच्या पायरीवर, नेहमीचा. मी तो पिऊ का नको, हे मला कळेना. प्यायलो. काय करणार, सवय.

खोलीवर येऊन भाईजानला सांगितलं. वाटलं, चेष्टा करेल, मग थोडं हलकं होईल. तो भात वाढत होता, तो थांबला. म्हणाला, "सुतारशेट, जन्मात तुला एक गोष्ट वाचता येत होती. तीपण पुसलीस." आणि वाढत राहिला.

हापिसाचा कागद आला, घर कागदावर चढलं नाही. पुतण्यांनी वेळ घालवला नाही. उन्हाळा तापायच्या आत मशीन आलं. मी जेवणाच्या सुट्टीत गेलो बघायला. का गेलो, माहीत नाही. मशीननं दात घातला आणि माडी खाली यायला लागली, पण माझे सांधे सुटेनात. दगडी भिंत कोसळली, चौकटी मात्र एकमेकींना धरून लटकत राहिल्या. मशीनवाला पाकिस्तानी, खाली वाकून म्हणाला, "किसने बनाया है यार, छोड़ता ही नहीं!" आयुष्यात माझ्या कामाची एवढी तारीफ कुणी केली नाही. मी गर्दीच्या मागं सरकलो.

ढिगातून मी एक तुकडा मागून आणला, खांबाचा, चिरलेल्या खांबाचा. वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या वेळेत त्याचं एक छोटं स्टूल केलं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला पाय ठेवायला बरं पडेल असं. आणि खालच्या अंगाला, जिथं कुणी बघत नाही, तिथं पटाशीनं खुणा केल्या. एक, दोन, तीन. अर्धा चंद्र. कोंबड्याचा पाय, या वेळी लंगडा नाही. बापाच्या पटाशीनंच केल्या. मला वाटलं, चला, थोडं तरी परत देतो.

हज्जियाला तोवर पुतण्याच्या फ्लॅटमध्ये नेलं होतं, झिंज नावाच्या वस्तीत, सहाव्या मजल्यावर. लिफ्टनं गेलो, स्टूल काखेत. दार पुतण्याच्या बायकोनं उघडलं. हज्जिया एका खोलीत खिडकीकडं पाठ करून बसलेली. एसी चालू, तरी अंगावर शाल. बारीक झाली होती. मला ओळखलं. बस म्हणाली नाही, मग मी उभाच राहिलो.

"हज्जिया, तुमच्या घराचं लाकूड आहे," मी म्हणालो. "खांबाचं. बघा."

स्टूल तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं ते उलटं केलं नाही, नुसता हात खाली घातला आणि बोटानं चाचपलं. एक. दोन. तीन. अर्ध्या चंद्रावर बोट जरा थांबलं. मग कोपऱ्याकडं गेलं, कोंबड्याच्या पायात शिरायला गेलं आणि तिथंच अडलं. मी बघत होतो. तिच्या तोंडावर काही तरी येईल असं वाटत होतं.

बोट बसलं नाही. घाव नवे होते, कडा धारदार. तिनं बोट काढून बघितलं, लाल झालं होतं.

मी म्हणालो, "हज्जिया, कडा घासून देतो, दोन मिनिटं."

तिनं स्टूल मांडीवरून उचलून माझ्या हातात परत दिलं, आणि तीन बोटं वर केली, पहिल्या दिवशी केली होती तशीच.

"तीन पट्टी बोला था," ती म्हणाली. "बस."